पिशवी कुठे अडकवायची?

परवा मावशी चिपळूणहून आलेली, तिला घेऊन ठाण्याच्या जांभळी नाक्यावर खरेदीला गेले, साड्यांच्या दोन पिशव्या आणि तिची ती कायमची जडशीळ पर्स. तासाभराने हळूच म्हणाली, अगं इथे जवळपास सोय आहे का कुठे? सकाळपासून ती मुद्दाम पाणीच प्यायली नव्हती हे तेव्हा कळलं.

सोय, म्हणजे सार्वजनिक टॉयलेट, होतं, पण आता काय सांगू. दारात पाच-सहा पुरुष टेकून उभे, बायकांची बाजू त्यांच्यातून वाट काढत मागे, आत अंधार, फरशी ओली, कडी मोडलेली म्हणून मी बाहेरून दार धरून उभी आणि पिशव्या माझ्या गळ्यात, कारण भिंतीला साधी खुंटी नाही हो! वर पाच रुपये द्या, बाजूला पुरुष फुकटात जाऊन येतायत. याच पैशांवरून मुंबईत २०११ पासून राइट टू पी, म्हणजे लघवीचा हक्क, या चळवळीतल्या बायका भांडतायत.

मला वाटतं हे बांधणाऱ्याने कधी हातात पिशवी घेऊन आत जाऊन बघितलंच नसणार. नाहीतर बघा, आपल्या ठाण्यातच २०१६ मध्ये रोहन चव्हाण या आर्किटेक्टने हायवेलगत खास बायकांसाठी लाइट बॉक्स नावाचं टॉयलेट बांधलं ना, झाड न तोडता त्याच्याभोवतीच, छपरातून उजेड आत येतो, म्हणजे दिवसा बल्बची वाट बघत चाचपडायला नको.

जपानमध्ये तर शिबुयाच्या बागेत शिगेरू बान या आर्किटेक्टने चक्क काचेचं टॉयलेट केलंय, आत स्वच्छ आहे का, कोणी लपलंय का, ते बाहेरूनच दिसावं म्हणून. कडी लावली की काच धूसर. मावशीला सांगितलं तर म्हणाली, आणि लाइट गेली म्हणजे?? पण गंमत तिथेच आहे, करंट चालू असतो तोवरच ती काच पारदर्शक, बंद झाला की धूसर, म्हणजे लाइट गेली तरी अब्रू शाबूत :) तरी मी म्हणेन आपल्याकडे काच नको, साधी जाळीची भिंत, वरून उजेड, दाराशी उठबस असलेली जागा, एवढं पुरे.

उठबस का, तर घाटकोपरच्या आझाद नगरात २०१६ मध्ये सुविधा केंद्र झालं, तिथे टॉयलेटसोबत अंघोळीची आणि कपडे धुवायची सोय केली, आणि हात धुतलेलं, अंघोळीचं, कपड्यांचं पाणी साफ करून फ्लशला वापरायचं. पाणी वाचतं ते आहेच, पण मला त्याहून भारी वाटतं ते म्हणजे धुणं घेऊन आलेली बाई तिथे थांबते, शेजारणीशी बोलते. जिथे चार बायका बिनधास्त थांबतात तिथे पाचवीला भीती वाटत नाही, त्यासाठी वेगळा कॅमेरा कशाला.

असो. येताना नाक्यावरून चिकटवायच्या खुंट्यांचं पाकीट घेतलं. ओल्या भिंतीला चिकटणार नाहीत म्हणे. सध्या पर्समध्येच आहे.