मळवली ते कामशेत, पण कामशेत राहिलंच

बेत साधा होता. पुण्याहून सकाळच्या लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे लेणी आणि विसापूर किल्ला करून बेडशाच्या लेण्यांवरून संध्याकाळी कामशेतला गाडी पकडायची. भाज्यापर्यंत सगळं वेळेवर झालं. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून आहेत, त्या मान दुखेपर्यंत बघितल्या.

घोळ झाला तो पुढे. भाज्यातून थेट विसापूरवर चढणारी वाट आहे, असं मावसभावाने कुठेतरी वाचलं होतं. वाट आहेही, पण सापडली तर. पहिला पांढरा बाण दिसला तेव्हा हायसं वाटलं. दुसरा डावीकडे दाखवत होता, तिसरा त्याच दगडाच्या मागल्या अंगाला, बरोबर उलट. कोणी आणि कशासाठी रंगवले देव जाणे. डावीकडे गेलो तर कारवीचं रान. उजवीकडे घळ, घळीत डोक्याएवढे सुटे धोंडे, आणि वर सरळ कातळ. भाऊ दर दहा मिनिटांनी "आलंच आता" म्हणत होता. तिसऱ्यांदा त्याच वाकड्या उंबरापाशी आलो तेव्हा मी त्याच्याशी बोलणंच बंद केलं. दोन तास गेले. शेवटी मोळी घेऊन उतरणाऱ्या एक आजी भेटल्या. "आवं, तिकडं कशाला मरता? गायमुख खिंडीतनं जावा की!" खिंडीपर्यंत रुंद गाडीरस्ता होता. तिथून डावीकडच्या वाटेने निमूट वर पोचलो.

तेव्हा बाण दिसला तरी आधी गावात विचारा. आणि पाणी प्रत्येकी तीन लिटर घ्या. आमचं उंबराखालीच संपत आलं होतं.

वर लांबच लांब तटबंदी, चुना दळायच्या घाण्याचं प्रचंड दगडी चाक, छपरं उडालेले वाडे. 1818 साली इंग्रजांनी गड घेतला आणि दरवाजे पाडून टाकले. गंमत म्हणजे गडावर एक तोफ पडली आहे, तिच्यावर इंग्लंडच्या राजघराण्याचा गुलाब आणि मुकुट कोरलेला. ती बघताना माझा राग थोडा उतरला.

बेडशाला जायला उजेड उरला नव्हता. आल्या वाटेने मळवलीलाच परतलो. हो, दुपारी लोकल फार कमी असतात, लवकर उतरणार असाल तर वेळापत्रक बघून ठेवा. आम्हाला तासभर बसावं लागलं. तो तास मोज्यांतली कुसळं उपटण्यात गेला, आणि भाऊ शेजारी बसून पुढच्या रविवारचा बेडशाचा बेत आखत होता.