अँटिबायोटिक्सचा पेपर आणि वॉर्डातलं घड्याळ : माझा अनुभव

नर्सिंग शिकताना फार्माकॉलॉजीचा पेपर माझा एकदा राहिला. बाकी सगळे विषय निघाले, हा अडला, आणि तोही मुख्यतः अँटिबायोटिक्सच्या प्रकरणावर. सेफॅझोलिन, सेफुरॉक्झिम, सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रायॲक्झोन, सेफेपिम अशी नावं रांगेत लावून मी पाठ केली होती. प्रत्येकापुढे दुष्परिणाम म्हणून मळमळ, जुलाब, पुरळ. सगळ्यांना तेच, म्हणजे कोणाचंच काही लक्षात राहिलेलं नाही. परीक्षेत एका औषधाचं उत्तर दुसऱ्याच्या नावाखाली लिहून आले.

दुसऱ्या वेळी अभ्यासाला बसले तेव्हा आमच्या मॅडमनी वही मिटायला लावली आणि एकच प्रश्न विचारला. "पेनिसिलिन जी शिरेतून दर चार-सहा तासांनी द्यावं लागतं आणि जेंटामायसिन बहुतेकांना दिवसातून एकदाच दिलं तरी चालतं. असं का?"

मला सांगता आलं नाही. पण त्या प्रश्नानंतर हा विषय मला समजायला लागला.

पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं जंतूची भिंत बांधू देत नाहीत. त्यांचं काम रक्तात औषध पुरेशा पातळीच्या वर किती वेळ टिकतं यावर चालतं. पातळी खूप वर नेली म्हणून जंतू जास्त मरतात असं होत नाही. ती खाली गेली की मात्र उरलेले पुन्हा वाढायला लागतात. जेंटामायसिन, अमिकासिनचं उलट. त्यांना एकदा उंच पातळी गाठून द्यायची. नंतर रक्तातलं औषध उतरलं तरी जंतू काही तास डोकं वर काढत नाहीत. आणि मधल्या काळात पातळी खाली जाणं मूत्रपिंडाच्या आणि कानाच्या भल्याचंच असतं, कारण या औषधांचा त्रास तिथेच होतो.

पेनिसिलिन शरीरातून किती झपाट्याने जातं याची एक गोष्ट मॅडमनी सांगितली, ती मी विसरणार नाही. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन देऊन पाहिलं गेलं. चेहऱ्यावरचा संसर्ग इतका पसरला होता की एक डोळा काढावा लागला होता. औषध सुरू झालं आणि माणूस सुधारायला लागला. पण साठा अगदी थोडा. म्हणून त्याची लघवी गोळा करायची, तिच्यातलं पेनिसिलिन वेगळं काढायचं आणि पुन्हा त्यालाच द्यायचं, असं त्या लोकांनी केलं. तरीही पुरलं नाही. औषध संपलं, संसर्ग उलटला आणि तो शिपाई गेला. निरोगी मूत्रपिंड साधारण अर्ध्या तासात रक्तातलं निम्मं पेनिसिलिन बाहेर टाकतं. हे एकदा कळल्यावर "दर चार तासांनी" हे मला वेगळं पाठ करावं लागलं नाही.

मग मी वहीच बदलली. गटांची यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येक औषधासाठी स्वतःला विचारत गेले: देण्याआधी मी काय बघणार, कशात मिसळणार, किती वेळात देणार, दिल्यावर माझी नजर कुठे असणार. सेफ्ट्रायॲक्झोनपुढे लिहिलं, रिंगर लॅक्टेटमध्ये (शिरेतून देतात ते कॅल्शियम असलेलं द्रावण) कधीच नाही, कॅल्शियमशी त्याचा साका बसतो. बुरशीवरचं ॲम्फोटेरिसिन बी फक्त 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, सलाईनमध्ये नाही. देताना थंडी-ताप येऊ शकतो, नंतर पोटॅशियमचा रिपोर्ट बघायचा. विषाणूवरचं ॲसायक्लोव्हिर शिरेतून देताना सावकाश आणि भरपूर पाण्यासोबत, नाहीतर मूत्रपिंडात त्याचे खडे धरतात. बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूतच, शिरेत गेलं तर जीवावर बेततं. ही वही घेऊन दिलेला पेपर निघाला. वॉर्डातही पुढे मला तीच उपयोगी पडली.

वॉर्डात आल्यावर पहिली गोष्ट शिकले ती ॲलर्जी विचारण्याची. "कशाची ॲलर्जी आहे का?" असं विचारलं की दहातले नऊ जण "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ॲलर्जी म्हणजे धुळीने येणाऱ्या शिंका. इंचार्ज सिस्टरांनी विचारायची पद्धत बदलायला लावली. "कधी एखादं इंजेक्शन किंवा गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ, डोळे सुजले होते का? दम लागला होता?" या प्रश्नावर एका काकांनी थोडा विचार करून सांगितलं, "हो, एकदा दाढेसाठी गोळ्या घेतल्या होत्या तेव्हा तोंड सुजलं होतं." त्यांच्यासाठी पेनिसिलिन गटातलं औषध भरून ट्रेमध्ये तयार होतं. ते तसंच बाजूला ठेवून मी डॉक्टरांना फोन केला. तेव्हापासून पहिला डोस देताना ॲड्रेनालिन, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीवरचं इंजेक्शन, कुठे आहे हे आधी डोळ्यांनी बघते. मोठ्या माणसाला 1:1000 चं अर्धा मिलि, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ते शोधायची वेळ प्रसंग आल्यावरची नाही.

आता व्हँकोमायसिन, हेही शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक. हे औषध मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. 1 ग्रॅमचा डोस, 250 मिलि सलाईनमध्ये. मिनिटाला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने द्यायचं नाही, म्हणजे किमान 100 मिनिटं. 20 थेंबांना 1 मिलि असणाऱ्या सेटवर हिशेब मिनिटाला 50 थेंबांचा येतो. मी तो लावला आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. वीस मिनिटांनी परत आले तर पेशंट मान खाजवत होता. मान, छाती, चेहरा लालबुंद. हात हलवताना ड्रिपचा वेग धरून ठेवणारा रोलर सैल झाला होता आणि थेंब मोजता येऊ नयेत इतके पळत होते. ड्रिप बंद केली, बीपी घेतलं, श्वास ऐकला, डॉक्टरांना बोलावलं. बीपी ठीक होतं, घरघर नव्हती. ही खरी ॲलर्जी नव्हे, वेगाने दिल्यामुळे शरीरात हिस्टामिन सुटतं त्याचा परिणाम. खाज उतरल्यावर वेग निम्मा करून उरलेला डोस दिला आणि तो त्याला सोसला. केसपेपरवर मी "व्हँकोमायसिनची ॲलर्जी" असं लिहिलं नाही, "वेगाने गेल्यावर लाली व खाज" असं लिहिलं. तो फरक मोठा आहे. ॲलर्जी म्हणून शिक्का बसला असता तर पुढे गरज पडल्यावर एक कामाचं औषध त्या माणसाला बंद झालं असतं.

याच औषधाच्या पातळीच्या तपासणीत माझी चूक झाली. रक्तातली कमीत कमी पातळी बघायची तर सॅम्पल पुढच्या डोसच्या जरा आधी घ्यायचं. डोस पहाटे सहाचा होता. ती नाईट फार धावपळीची गेली. सहाला मी ड्रिप लावली, आणि वीस मिनिटांनी सॅम्पल आठवलं. ट्यूब भरली, वेळ न लिहिता पाठवून दिली. सकाळी रिपोर्ट आला तो खूप वर. राऊंडला डॉक्टर पुढचा डोस थांबवायचं लिहीत होते. मी घरी निघाले होते, चप्पल घातली होती. परत आत गेले आणि सांगितलं, "सर, सॅम्पल ड्रिप चालू असताना घेतलंय. माझ्याकडून उशीर झाला." त्यांनी पेन थांबवलं. संध्याकाळच्या डोसआधी पुन्हा रक्त घेतलं, ते योग्य पातळीत निघालं. मी बोलले नसते तर हृदयाच्या झडपेच्या संसर्गाच्या त्या पेशंटचा डोस एका चुकीच्या आकड्यावर कमी झाला असता. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. कमी पातळीत वाचलेले जंतू औषधाला दाद न द्यायला शिकतात, हा इशारा पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने 1945 सालच्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. मी तो वाचला होता. त्या सकाळी तो मला खरा कळला.

गोळ्यांच्या बाबतीत बोलणं हाच निम्मा उपचार असतो. टीबीच्या एका ताईंनी चौथ्या दिवशी गोळ्या थांबवल्या. कारण विचारलं तर मान खाली घालून म्हणाल्या, "लघवीतून रक्त जातंय." ते रक्त नव्हतं, रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग होता. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीसुद्धा त्याने नारिंगी-तांबडं होतं आणि त्याने काही बिघडत नाही. हे एक वाक्य त्यांना पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढेही चार महिने उपचार, एवढा लांबचा पल्ला, आणि एका रंगाला घाबरून चौथ्याच दिवशी सुटला होता. त्यांच्याशी बोलताना मी बाकीचंही सांगितलं. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-6 ची गोळी आहे. एथॅम्ब्युटॉल चालू असताना लाल-हिरव्यातला फरक ओळखायला कठीण वाटलं, दिसायला अंधुक झालं, तर वाट न बघता यायचं. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तरी लगेच यायचं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

आता आमच्याकडे शिकायला मुली येतात. तापाने फणफणलेला पेशंट आला की त्या घाईने अँटिबायोटिक भरायला घेतात. मी आधी कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीच्या, बाटल्या हातात देते. रक्त आधी, पहिला डोस लगेच मागोमाग. कल्चरपायी डोस अडवून ठेवायचा नाही, पण दोन मिनिटांत होणारं काम मागेही टाकायचं नाही.

परवा नाईटला त्यातलीच एक मुलगी माझ्याबरोबर होती. पाच वाजता मी व्हँकोमायसिनच्या पेशंटबद्दल विचारणार, तेवढ्यात तीच ट्यूबवर लेबल चिकटवत म्हणाली, "सिस्टर, डोस सहाचा आहे. मी साडेपाचला दुसऱ्या हातातून सॅम्पल घेते. वेळ तेव्हाच लिहीन, आत्ता नाही."