तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, मी ख्रिश्चन झालेले नाही

डिसेंबर जवळ आला की ही चर्चमध्ये का जाते हे दर वर्षी कुणीतरी विचारतंच, मावशी काळजीने विचारते, फॅमिली ग्रुपवर डोळा मारून विचारतात, म्हणून आता एकदाच लिहून टाकते. बाप्तिस्मा घेतलेला नाही, घरी गणपती बसतो, मोदक मीच वळते (फुटतात, पण वळते). झालं समाधान?

आता खरं सांगते. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंट, वाट बघायचे दिवस. बाळाची वाट. आणि त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझं चौथ्या महिन्यात गेलं होतं. तीन आठवडे मी सोफ्यावर. शेजारीण म्हणाली, सॉल्सबरीला चल, तिथल्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, कॉयर (चर्चची गाणारी मंडळी) ऐकू, इथून, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनहून, ट्रेनने अर्ध्या तासावर तर आहे. तिला माहीत होतं की नव्हतं, मी अजून विचारलेलं नाही.

त्या कॅथीड्रलचं शिखर 123 मीटर उंच, आत शेकडो माणसं, आणि सगळे दिवे घालवतात. सगळे म्हणजे सगळे. मिट्ट काळोख. मग पश्चिमेच्या टोकाला एकच मेणबत्ती लागते, गाणं सुरू होतं आणि कॉयर हळूहळू पूर्वेकडे सरकत जातं, शेवटी तेराशेच्या आसपास मेणबत्त्या होतात. मधेमधे 'ओ'ने सुरू होणाऱ्या जुन्या आळवण्या, मूळ लॅटिन, खरं तर 17 ते 23 डिसेंबर रोज एक म्हणायच्या. हे प्रज्ञे, ये. हे दाविदाच्या किल्ली, ये. हे उगवतीच्या तेजा, ये.

मला संताप आला. कुणाला बोलावताय? माझं नाही आलं. उठून जायचं होतं पण रांगेच्या मधोमध बसलेले, अंधारात कुणाच्या पायावरून जाणार! तिसऱ्या की चौथ्या 'ये'ला लक्षात आलं की पोटावर हात ठेवून चार महिने मीही हेच म्हणत होते, आणि तेव्हा वाटलं की कुणीतरी ऐकतंय. उत्तर वगैरे काही नाही, सांत्वनही नाही, नुसतं ऐकतंय. उजेड आमच्या रांगेपर्यंत आला तेव्हा दिसलं, उजवीकडच्या अनोळखी आजोबांची बाही मी मुठीत घट्ट धरली होती. त्यांनी हात काढून घेतला नव्हता.

आधीची मी म्हणाली असती, उंच दगडी छत, आवाज घुमतो, त्यात तुझे हार्मोन्स. बरोबर आहे बाई. पण तेच हार्मोन्स सोफ्यावर तीन आठवडे होते की, तिथे कुणी नाही आलं ऐकायला.

मग विठ्ठलाच्या देवळात का नाही झालं असं, हा मावशीचा प्रश्न. आजी 'येई वो विठ्ठले' म्हणायची, आम्ही टाळ्या वाजवायचो, लक्ष सगळं प्रसादाकडे. त्यातला 'ये' मला सॉल्सबरीहून परत आल्यावर ऐकू आला. मग त्या रात्री नक्की कोण होतं? त्या वेळी नाव विचारायचं सुचलं नाही.

पुढच्या वर्षी गेले तेव्हा काहीही झालं नाही. पाय गारठले, ट्रेन चुकली. यंदाही जाणार आहे.