कमी खर्चात पिकअप खाली बसवताना स्प्रिंगला हात लावू नये

पिकअप ट्रक खाली बसवायचा, म्हणजे त्याची जमिनीपासूनची उंची कमी करायची म्हटले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो पुढची स्प्रिंग कापण्याचा किंवा आखूड स्प्रिंग घालण्याचा. कमी पैशांत हे काम करायचे असेल आणि वळणावर गाडी पूर्वीपेक्षा चांगली वागावी अशी इच्छा असेल, तर माझ्या मते मार्ग नेमका उलट आहे. स्प्रिंग, आर्म (चाकाला चासीशी जोडणारे हात) आणि पाटे कारखान्याने ज्या कोनात काम करण्यासाठी बनवले आहेत त्याच कोनात ते राहू द्यावेत, आणि ते जेथे चाकाला किंवा चासीला जोडलेले आहेत ते जोड हलवून फक्त चासी खाली आणावी.

मी टेक्सासमध्ये राहतो आणि माझ्याकडे शेव्हरोलेचा जुना सी-१५०० आहे, लहान हौद्याचा आणि एका केबिनचा. ही पिढी १९८८ ते १९९८ या मॉडेल वर्षांत आली, अमेरिकेत ती अजून रस्त्यावर भरपूर दिसते आणि तिचे सुटे भाग स्वस्त मिळतात. नावातला ‘सी’ म्हणजे फक्त मागची चाके ओढणारा ट्रक. त्याला पुढे वर-खाली दोन आर्म आणि मध्ये कॉइल स्प्रिंग असते, तर मागे पाट्यांवर बसवलेला सलग अ‍ॅक्सल असतो. चारही चाके ओढणाऱ्या ‘के’ ट्रकमध्ये पुढे कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी) असल्याने पुढच्या बाजूचे माझे विवेचन त्याला लागू होत नाही.

खाली बसवण्याचा फायदा केवळ दिसण्याचा नाही. वळणावर आतल्या चाकावरचे वजन बाहेरच्या चाकावर जाते, आणि हे स्थलांतर गुरुत्वमध्याच्या उंचीच्या थेट प्रमाणात व चाकांमधील रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. गुरुत्वमध्य जमिनीपासून २८ इंचांवर आहे असे धरले आणि तो ३ इंचांनी खाली आणला, तर तेच वळण त्याच वेगाने घेताना वजनाचे स्थलांतर सुमारे एक दशांशाने कमी होते. शिवाय रिकामा पिकअप मागून उंच उभा असतो, कारण माल भरल्यावर तो सपाट व्हावा अशीच त्याची रचना असते. पुढे २ इंच आणि मागे ४ इंच खाली आणले की रिकामी गाडी सपाट दिसते, आणि म्हणूनच हे प्रमाण या ट्रकवर बरेच वापरले जाते.

स्प्रिंग कापल्यावर काय होते हे नीट समजून घेण्यासारखे आहे. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. आठ वेढ्यांतला एक काढला, तर उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. थोडा कडकपणा वाढला तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. खरी हानी कोनांची होते. स्प्रिंग आखूड झाली की दोन्ही आर्म चाकाच्या बाजूने वर झुकतात, त्यामुळे ज्या काल्पनिक बिंदूभोवती पुढचा भाग कलतो तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली सरकतो, आणि त्या दोहोंमधले अंतर वाढते. परिणामी गाडी खाली येऊनही तिला कलायला पूर्वीपेक्षा मोठी तरफ मिळते. टाय रॉडची (स्टीअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांडीची) आणि आर्मची वर्तुळाकार गतीही जुळेनाशी होते, आणि खड्ड्यातून जाताना स्टीअरिंग न फिरवता चाके आत-बाहेर वळू लागतात. त्यात कोणी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवली असेल, तर पोलादाचे पाणी उतरते आणि ती कधी मोडेल याचा भरवसा राहत नाही. तापवलेल्या स्प्रिंगचा ट्रक मी विकत घेणार नाही, मग तो कितीही स्वस्त असो.

पुढच्या बाजूला पैसे खर्च करण्याची योग्य जागा म्हणजे ड्रॉप स्पिंडल. स्पिंडल म्हणजे दोन आर्मच्या टोकांना जोडलेला, चाक धरणारा भाग. यात चाकाचा दांडा मूळ स्पिंडलपेक्षा २ इंच वर बसवलेला असतो. चाक वर गेले म्हणजेच गाडी खाली आली, आणि आर्मचे कोन, स्प्रिंगची लांबी, शॉक अब्सॉर्बरचा प्रवास, खालच्या आर्मपासून बंप स्टॉपपर्यंतचे (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंतचे) अंतर, यांतले काहीच बदलले नाही. वापरलेली जोडी भंगारवाल्याकडे किंवा ऑनलाइन पुष्कळदा निम्म्या किमतीत मिळते, मात्र तिचे बॉल जॉइंट (आर्म आणि स्पिंडल जोडणारा गोल सांधा) बसण्याचे निमुळते छिद्र लांबट झालेले नाही हे पाहून घ्यावे. या ट्रकच्या पुढच्या ब्रेकच्या चकत्या दोन जाडींच्या येतात, १ इंच आणि १.२५ इंच, आणि स्पिंडल त्यानुसार वेगळे असते. आपली चकती मोजल्याखेरीज ते मागवू नये. स्प्रिंग बाहेर काढावी लागत नाही हाही मोठा लाभ आहे, परंतु बॉल जॉइंट सोडवताना खालच्या आर्मखाली जॅक घट्ट हवा आणि स्प्रिंगमधून साखळी ओवून ती चासीला बांधलेली हवी. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस ठार करण्याइतकी शक्ती साठलेली असते.

मागच्या बाजूलाही तेच तत्त्व लागू होते, आणि मला हा भाग सर्वांत समाधान देणारा वाटतो. पाट्याचे पुढचे टोक हँगरमध्ये (चासीला पक्क्या जोडलेल्या आधारात) आणि मागचे टोक शॅकलमध्ये (झुलणाऱ्या दुव्यात) असते. अ‍ॅक्सल साधारण मध्यावर असल्याने एकच टोक चासीच्या तुलनेत ४ इंच वर नेले तर गाडी सुमारे २ इंच खाली येते. पैसे वाचवण्यासाठी बरेच जण फक्त लांब शॅकल घालून मागचे टोक वर नेतात आणि थांबतात, कारण ते बोल्ट सोडून तासाभरात बदलता येते. त्यामुळे पाटा तिरका होतो, अ‍ॅक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो आणि त्याच्या तोंडाचा प्रोपेलर शाफ्टशी असलेला कोन बिघडतो, जो पुढे वेग वाढवताना थरथरीच्या रूपात जाणवतो. हँगर आणि शॅकल दोन्ही सारख्या मापाने बदलले, तर पाट्याची दोन्ही टोके अ‍ॅक्सलच्या संदर्भात होती त्याच उंचीवर राहतात. वळणात मागचा अ‍ॅक्सल किती आणि कोणत्या दिशेने वळतो हे पुढच्या टोकाच्या उंचीवर अवलंबून असल्यामुळे, गाडीचा स्वभावही कायम राहतो.

एक फरक तरीही पडतो. मागचा भाग पुढच्यापेक्षा २ इंच जास्त खाली आल्याने ११७.५ इंचांच्या व्हीलबेसवर चासीचा कल जवळजवळ १ अंशाने बदलतो. पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) तेवढाच वाढतो, जे सरळ रस्त्यावर हितकारकच आहे, आणि शाफ्टच्या कोनासाठी गरज भासल्यास पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये १ अंशाची पाचर पुरते.

हँगर बदलणे हे या कामातले कष्टाचे काम आहे, कारण कारखान्यात ते रिबिटांनी ठोकलेले असतात. चालकाच्या बाजूला चासीच्या आत पेट्रोलची टाकी आणि नळ्या आहेत, म्हणून त्या बाजूला ग्राइंडरच्या ठिणग्या उडवू नयेत. रिबिटाच्या डोक्याला मध्यभागी ड्रिलने भोक पाडून छिन्नीने ते उडवावे, वेळ लागला तरी चालेल. नवे बोल्ट उच्च दर्जाचेच घ्यावेत आणि पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले असतील तर जुने पुन्हा वापरू नयेत. शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच पूर्ण आवळावेत. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेल्या स्थितीत राहतो आणि लवकर फाटतो.

मूळ कोन जपूनही जो प्रश्न सुटत नाही तो मागच्या चाकांना वर जायला उरणाऱ्या जागेचा. चासी ४ इंच खाली आली म्हणजे अ‍ॅक्सल बंप स्टॉपच्या ४ इंच जवळ आला. म्हणून स्टॉप आखूड घालावा, मागचे शॉक अब्सॉर्बर नव्या उंचीला साजेसे घ्यावेत, आणि यापेक्षा अधिक खाली जाण्याचा मोह असेल तर अ‍ॅक्सलसाठी चासीत खाच कापून तिला बाहेरून मजबुती देण्याची तयारी ठेवावी. नियमित वजन वाहणाऱ्याने मागे ३ इंचांवरच थांबावे, असे माझे मत आहे.

उरलेले पैसे शॉक अब्सॉर्बर आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारी आडवी दांडी) यांवर घालावेत. बारचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे १ इंचाऐवजी १.२५ इंच जाडीचा बार जवळजवळ अडीचपट कडक असतो. मात्र पुढचाच बार फार जाड केला तर पुढची चाके आधी घसरू लागतात, म्हणून एक पायरी वाढवून गाडी चालवून पाहावी. शेव्हरोलेने १९९० मध्ये याच पिढीचा ‘४५४ एसएस’ काढला तेव्हा ७.४ लिटरच्या इंजिनाबरोबर बिलस्टीनचे शॉक दिले होते. चांगल्या शॉकचे महत्त्व कारखान्यालाही ठाऊक होते.

कायद्याविषयी थोडेसे. कॅलिफोर्नियात १९५८ पासून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येऊ देण्यास मनाई होती, आणि लोरायडर, म्हणजे गाड्या खाली बसवण्याचे वेड असलेल्या मंडळींनी त्यातूनच हायड्रॉलिकने हवे तेव्हा वर-खाली होणाऱ्या गाड्या घडवल्या. ते निर्बंध २०२४ पासून उठले. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. महाराष्ट्रातील वाचकांनी मात्र हे काम करण्यापूर्वी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे, कारण उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल त्यानुसार करता येत नाहीत.

काम पूर्ण झाल्यावर गाडी थोडे दिवस चालवून पाटे व बुश बसू द्यावेत आणि मग अलाइनमेंट करावे. या ट्रकच्या वरच्या आर्मच्या ब्रॅकेटमध्ये समायोजनासाठीच्या खाचा पातळ पत्र्याने बंद असतात, त्या उघडून घेण्यास आधीच सांगावे, नाहीतर कारागीर फक्त टो (वरून पाहता चाकांची पुढची टोके किती आत-बाहेर आहेत ते) जुळवून गाडी परत देईल. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) किंचित ऋण, म्हणजे चाकाचा वरचा भाग थोडा आत, टो थोडासा आत आणि कॅस्टर दोन्ही बाजूंना सारखा, एवढे मागावे. छापील निकाल हातात घेऊनच पैसे द्यावेत. त्याच दिवशी हेडलाइटची उंची भिंतीवर मोजून नव्याने लावावी आणि पहिल्या दीर्घ प्रवासानंतर मागचे सर्व बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासावेत.