सेंट अँड्र्यूजला एकटीनं खेळताना

आम्ही स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावी पोहोचलो तो रविवार होता. रविवारी इथल्या ओल्ड कोर्सवर, म्हणजे गावाच्या जुन्या गोल्फच्या मैदानावर, खेळ बंद असतो. बंद म्हणजे कुलूप नाही, उलट त्या दिवशी तिथं कुणीही जावं. पहिल्या होलच्या फेअरवेवर, म्हणजे बॉल मारत जायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, कुत्री पळत होती, एक आजोबा नातीचं बोट धरून चालले होते, कुणी बाबागाडी ढकलत होतं. लेक म्हणाली, "आई, हेच का ते?" हेच ते. 'दि ओपन' ही गोल्फची मानाची स्पर्धा; ते इथं तीस वेळा झालं, 2022 मध्ये दीडशेवंही इथंच. पुण्यात मी बारा वर्षं गोल्फ खेळते आहे, पण क्लबच्या फाटकावर पहारेकरी नसतो असं गोल्फचं मैदान मी पहिल्यांदाच पाहत होते.

असल्या मैदानाच्या जमिनीला लिंक्स म्हणतात. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळवट, गवताळ पट्टी. कोकणात पुळण संपून मर्यादवेल पसरलेली असते ना, तसल्या जागेची ही थंड प्रदेशातली बहीण म्हणा. शेतीच्या उपयोगाची नाही, म्हणून गावाला मोकळी राहिली. 1552 साली आर्चबिशप हॅमिल्टन यांनी गावकऱ्यांचा इथं खेळण्याचा हक्क सनदेत मान्य केला. पुढं 1797 मध्ये नगरपालिका कर्जबाजारी झाली आणि ही जमीन ससे पाळणाऱ्यांच्या हाती गेली. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांच्यात अनेक वर्षं भांडणं चालली. 1894 मध्ये पालिकेनं जमीन परत विकत घेतली, आणि आता 1974 च्या कायद्यानं स्थापन झालेला ट्रस्ट ती सांभाळतो. हे सगळं आधी वाचलं होतं. त्या आजोबांना आणि नातीला बघितल्यावर ते समजलं.

आता खेळायला कसं मिळतं ते सांगते, कारण विचारणारे पुष्कळ आहेत. नेहमीचा मार्ग बॅलटचा, म्हणजे सोडतीचा. दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावं द्यायची, पण निदान दोन खेळाडू लागतात. माझी मैत्रीण येणार होती. निघायच्या आठ दिवस आधी तिचा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. लेक एडिनबराला शिकते, पण तिनं कधी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात धरलेला नाही. म्हणजे मी एकटी. एकट्यांसाठी वेगळी सोडत आहे. पूर्वी लोक पहिल्या टीजवळच्या (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) ओल्ड पॅव्हिलियनपाशी रात्रभर रांगेत बसायचे. 2024 पासून ते बंद झालं. आता आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवायचं, हँडिकॅपचं, म्हणजे खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचं, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दाखवायचं, आणि संध्याकाळी निरोपाची वाट पाहायची. दोघा-तिघांच्या गटात जागा उरली असेल तर तुम्हाला त्यात घालतात. माझा हँडिकॅप 27, तो चालला. प्रमाणपत्र क्लबकडून निघण्याआधीच सही-शिक्क्यानिशी घ्या. फी हंगामात 300 पौंडांच्या वर आहे. त्यासाठी मी दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होते.

सोमवारी नाव दिलं, नंबर लागला नाही. संध्याकाळी हिमालयावर गेलो. पहिल्या टीपासून जवळच उंचसखल पटिंग ग्रीन आहे, म्हणजे बॉल जमिनीवरून हळूच ढकलत खळगीत घालायची हिरवळ; तिला 'हिमालयाज' म्हणतात. 1867 पासून तिथला बायकांचा पटिंग क्लब आहे. ज्या काळात बाईनं खांद्याच्या वर क्लब उचलणं अशोभनीय मानायचे, त्या काळात त्यांनी आपली जागा करून घेतली. थोडे पैसे देऊन कुणीही खेळू शकतं. लेकीनं आयुष्यातला पहिला पुट तिथं मारला.

मंगळवारी पुन्हा नाव दिलं. संध्याकाळी आम्ही वेस्ट सँड्स किनाऱ्याच्या वाळूत चालत होतो, तेव्हा फोनवर निरोप आला: बुधवार, सकाळी 11:40. मी तिथंच वाळूत बसले. लेक म्हणाली, "अगं आई, उठ, ओली होशील."

माझ्याबरोबर कॅनडातले बापलेक होते. कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि कुठं मारायचं ते सांगणारा माणूस, मी मुद्दाम घेतला आणि तेच सर्वांत शहाणपणाचं झालं. इथं बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, 112 आहेत, आणि टीवरून त्यातले कित्येक दिसतच नाहीत. फेअरवे सपाट वाटतो, पण आत जमिनीला वळ्या आहेत. माझी सवय बॉल उंच उडवून ग्रीनवर, म्हणजे होलच्या खळगीभोवतीच्या बारीक हिरवळीवर, टाकायची. पहिल्याच होलला मी तसा मारला, वाऱ्यानं तो उचलला आणि स्विल्कन ओढ्यात टाकला. त्यानंतर कॅडीनं ग्रीनच्या तीस यार्ड बाहेरूनच हातात पटर, म्हणजे बॉल जमिनीवरून ढकलायचा क्लब, दिला. तिसऱ्या होलपर्यंत ते मला अवघड गेलं. मग कळायला लागलं की इथं जमिनीशी बोलावं लागतं. बॉल सोडायचा, तो उंचवट्यावरून डावीकडे घरंगळतो, थांबतोसा वाटतो, आणि पुन्हा चालायला लागतो.

ग्रीन्स तर विलक्षण. पहिलं, नववं, सतरावं आणि अठरावं सोडलं तर बाकी सगळी दोन-दोन होलांना सामाईक, आणि त्या जोडीची बेरीज दर वेळी अठरा: दुसरं नि सोळावं, पाचवं नि तेरावं. जाताना, म्हणजे पहिल्या नऊ होलांना, पांढरं निशाण, परत येताना लाल. सहाव्याला जाणारी मी, बाराव्याहून येणारी माणसं, एकाच हिरवळीवर एकमेकांना हात करत होतो. मे महिना होता, गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीजर्द फुलली होती आणि त्यांना खोबऱ्यासारखा वास येत होता. मला आजीच्या ओटीवरच्या खोबऱ्याची आठवण झाली.

जाताना वारा पाठीशी होता, म्हणजे येताना तोंडावर. चौदाव्याला 'हेल बंकर' टाळायला कॅडीनं मला डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर मारायला लावलं. इथं बहुतेक वेळा डावी बाजू सुरक्षित असते, हे लक्षात ठेवा. सतरावा मात्र मी टाळू शकले नाही. टीवरून हॉटेलच्या कडेच्या शेडवरून मारायचं, हेच आधी मनाला पटत नाही. तो शॉट बरा गेला, पण तिसरा रोड बंकरमध्ये पडला. डोक्याइतकी उभी गवताची भिंत समोर. दोनदा बॉल परत पायाशी आला. तिसऱ्यांदा मी कॅडीचं ऐकलं आणि मागच्या बाजूनं बाहेर काढला. त्या होलवर नऊ फटके झाले.

स्विल्कन पुलावर फोटो काढलाच. मेंढपाळांचा छोटासा दगडी पूल. तिथून अठराव्याचं ग्रीन दिसतं आणि त्यामागं सबंध गाव. या होलच्या फेअरवेला ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा वहिवाटीचा रस्ता आडवा जातो. मी दुसरा शॉट मारायला उभी राहिले, तेव्हा बाजाराची पिशवी घेतलेल्या एक बाई त्या रस्त्यानं निघाल्या होत्या. कॅडीनं हात आडवा केला. त्या पार होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो. त्या घाई न करता, आमच्याकडे बघून मान हलवून गेल्या.

माझा बॉल 'व्हॅली ऑफ सिन'मध्ये, ग्रीनच्या पुढच्या खळग्यात थांबला. पटरनं वर चढवला, आणखी दोन पुट लागले. कार्डावर एकूण 109 फटके झाले. कठड्याला टेकून दहा-बारा अनोळखी माणसं उभी होती, शेवटचा पुट पडल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यात लेक होती. तिनं विचारलं, "उद्या परत नाव द्यायचं?"

गुरुवारी सकाळी नऊला आम्ही पुन्हा दारात होतो.