तुम्ही विचारलंत म्हणून: दर बदलतात, मांडणी का बदलत नाही?

गोव्यातल्या हॉटेलांसाठी मी बिलिंगचे सॉफ्टवेअर करतो. नवे सहकारी आणि हॉटेलांचे अकाउंटंटही मला नेहमी विचारतात, की बुकिंगची संकेतस्थळे, कार्ड-यूपीआयची सेवा आणि जीएसटीचे नियम सतत बदलत असताना कॉन्फिगरेशनची (दर, मर्यादा, पत्ते अशा सेटिंगच्या फाइलची) मांडणी दर वेळी नव्याने करावी कशी लागत नाही.

पूर्वी करावी लागत असे. साडेसात हजारांहून अधिक भाड्याच्या खोलीवरचा जीएसटी १ ऑक्टोबर २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा मी फाइलमधला २८ हा आकडा खोडून तिथे १८ लिहिले. पंधरवड्याने म्हापशाच्या एका हॉटेलच्या अकाउंटंटने ऑगस्टमधल्या एका बिलाची प्रत काढली. आठ हजारांच्या खोलीसाठी पाहुण्याने १०,२४० रुपये भरले होते आणि प्रतीवर ९,४४० छापून आले. चूक माझी होती, आणि ती आकड्याची नसून खोडण्याची होती.

तेव्हापासून प्रत्येक दराच्या ओळीत भाड्याची मर्यादा, टक्केवारी आणि ‘या तारखेपासून लागू’ अशी तारीख असते, आणि जुनी ओळ कधीही पुसली जात नाही. बिल आपल्या तारखेची ओळ स्वतः शोधून घेते. १८ जुलै २०२२ रोजी हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांची करमाफी जाऊन त्यांना १२ टक्के कर लागला, तेव्हा एक ओळ वाढवून काम झाले. २२ सप्टेंबर २०२५ चा बदल मात्र अधिक अवघड होता, कारण साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा दर ५ टक्क्यांवर आला, पण त्याबरोबर इनपुट टॅक्स क्रेडिटही (हॉटेलने खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सवलत) गेले, आणि क्रेडिटसाठी आमच्या ओळीत रकानाच नव्हता. तो आम्ही ऐच्छिक म्हणून जोडला. रकाना रिकामा असेल तर क्रेडिट मिळते असे धरायचे, असे ठरवल्यामुळे जुन्या एकाही ओळीला हात लावावा लागला नाही.

बाहेरच्या सेवांनाही हेच लागू आहे. जोडणीला, म्हणजे बाहेरच्या सेवेशी बोलणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरच्या भागाला, कंपनीचे नाव न देता कामाचे नाव द्यावे, म्हणजे ‘कार्ड-वसुली’ तशीच राहते आणि तिच्याखालचा सेवेचा इंटरनेटवरचा पत्ता व उत्तराची वाट किती वेळ पाहायची ती मुदत तेवढी बदलते; पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या या फाइलमध्ये कधीच ठेवू नयेत. नवी सेटिंग आधी तपासली जावी आणि सदोष निघाल्यास जुनीच चालू राहावी, याबद्दल मी फार आग्रही आहे, कारण डिसेंबरात चेक-आउटच्या वेळी काउंटरवर रांग असताना सर्व्हर बंद पडला तर त्याचा मनस्ताप रिसेप्शनवरच्या मुलीला होतो.

समोरच्या सेवेने खोलीऐवजी माणशी भाडे पाठवायला सुरुवात केली, तर मात्र सेटिंग ताणून उपयोग नसतो. तेव्हा मी नवी जोडणी लिहितो आणि जुन्या पद्धतीने आलेले शेवटचे बुकिंग चेक-आउट होईपर्यंत जुनी चालू ठेवतो.