झडपेचं भोक

माझा धंदा पत्र्याचा. बंब, शेगड्या, भुशाच्या चुली, आणि भोजनालयवाल्यांसाठी धुराडं लावलेल्या मोठ्या लोखंडी भट्ट्या. दुकान नागपूरच्या लकडगंजात, म्हणजे आरा मशिनींच्या आवाजातच आयुष्य गेलं.

29 डिसेंबर 2018, शनिवार. त्या पहाटे नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. हा आकडा मला संध्याकाळी कळला. सकाळी एवढंच कळत होतं की गाडीचं हँडल हातात धरवत नाही. आदल्या रात्री इतवारीकडच्या एका भोजनालयवाल्याचा फोन आला होता, "भाऊ, तुमची भट्टी घरातच धूर फेकून राहिली. येऊन पाहा." भट्टी मीच आठ महिन्यांपूर्वी बसवलेली, त्यामुळे जाणं भाग होतं.

सातला पोचलो तर मालक बाहेर उभा. "पोट्टे उठूनच नाही राहिले. रात्री मारली असंल."

मागच्या दाराला आतून पोतं कोंबलेलं होतं. ढकलून आत गेलो. धूर नाही, वास नाही, छान उबारा. थंडीतून आलेल्या माणसाला तिथंच टेकावंसं वाटावं असा. भट्टी आणि भिंतीच्या मधे कामावरची दोघं पोरं एकाच ब्लँकेटमध्ये. थोरला डोकं धरून बसलेला, शेजारी उलटी. धाकट्याला तीन हाका मारल्या तेव्हा डोळे उघडले, पण बोलणं काही जमेना. दारूचा वास कुणालाच नव्हता. मी भट्टीत पाहिलं. जाळ विझलेला, वर पांढरी राख, खाली लालबुंद निखारे. आणि धुराड्यातली झडप, म्हणजे धुराची वाट उघडायची-मिटायची चकती, पूर्ण बंद.

तेव्हा मला घाम फुटला. दोन्ही दारं सताड उघडली, पोरांना ओढतच गल्लीत आणलं. मालक पाणी घेऊन निखाऱ्यांवर ओतायला निघाला होता, त्याला थांबवलं. तापल्या लोखंडावर पाणी ओतलं तर वाफ आणि राख तोंडावर येते, भट्टीला तडा जातो तो वेगळाच. ऑटोत घालून दोघांना मेयो दवाखान्यात नेलं.

तिथं बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर धाकट्याचा आकडा आला 98. मालक लगेच म्हणाला, "पाहा, चांगला आहे ना!" डॉक्टरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "खोलीत शेगडी होती?" आणि सरळ ऑक्सिजनचा मास्क लावला. नंतर समजावून सांगितलं. निखाऱ्यांना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि त्या बोटावरच्या यंत्राला दोघांतला फरकच कळत नाही. खरं काय ते रक्त तपासूनच कळतं. थोरला संध्याकाळी सुटला, धाकट्याला दोन दिवस ठेवलं. दोघंही वाचले.

दुपारी मी परत भोजनालयात गेलो, भट्टी थंड झाल्यावर धुराडं उतरवलं. सहा इंची पाइप, आत काळं चकचकीत डांबर चढून चार बोटांची वाट उरलेली. हे डांबर पेटतंही, आणि पेटलं की पाइप लाल होतो. आठ महिन्यांत एवढं कसं चढलं याचं उत्तर मागच्या अंगणात होतं. बाभळीचा ढीग, साल अजून हिरवी. बाजूला पोतंभर प्लायवूडचे तुकडे, काहींना सनमायका तसाच.

"लाकडाच्या टालीवर स्वस्त भेटलं," मालक म्हणाला.

स्वस्त! ताज्या तोडीच्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. शंभर किलो घेतलं तर चाळीस-पन्नास किलो पाणीच विकत घेतलं की. आणि ते पाणी उडवायला पुन्हा लाकूडच जाळायचं. आच मंद राहते, थंड धूर पाइपात जमतो, त्याचं डांबर होतं. बाभूळ वाईट नाही हो, उलट तिचे निखारे फार टिकतात. पण फोडून, छपराखाली, वारा लागेल अशी रचून एक उन्हाळा तरी काढायला हवा. नागपूरचा उन्हाळा फुकटात लाकूड वाळवतो, तेवढाही धीर नाही लोकांना. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की वाळलेलं टण्ण वाजतं, ओलं धप्प. तरी शंका असली तर मधोमध फोडून आतली बाजू गालाला लावायची, गार लागली की परत ढिगात. प्लाय मात्र कोरडा असला तरी नको. त्यातला गोंद जळतो, आणि तो धूर डोळ्यांत काय जातो ते लकडगंजवाल्यांना विचारा.

हे सगळं मी मालकाला सुनावत होतो खरा, पण नजर झडपेवर होती. भट्टी घेताना त्यानं म्हटलं होतं, "जाळ वाया जाते भाऊ, पूर्ण बंद होईल अशी द्या." मी घासून घासून अशी बसवली की कडेनं कागद जाऊ नये. तेव्हा अभिमान वाटला होता. थंडीत पोरांनी तीच झडप ऊब राखायला लावली. त्यांना कोण सांगणार होतं? मी तर नव्हतं सांगितलं.

त्या रात्री दुकानात शिल्लक असलेल्या सगळ्या झडपांना मी दीड इंची भोक पाडलं, बंद केली तरी वायूला वाट राहावी म्हणून. भोजनालयवाल्याचीही बदलली, आणि पोरांच्या गाद्या त्याला वरच्या माळ्यावर न्यायला लावल्या. भोक असलं तरी पेटत्या भट्टीजवळ झोपायचं नाही, हे थोरल्याकडून दोनदा वदवून घेतलं.

फेब्रुवारीत एक गिऱ्हाईक आलं. भट्टी ठोकून पाहिली, झडप हातात घेऊन उजेडात धरली. "भाऊ, याले तर भोक पडलं आहे."

"पडलं नाही, पाडलं आहे."

त्यानं थोडा विचार केला. "मग पन्नास रुपये कमी करा ना."